अर्ध्यावर सुटणारी गोळी

टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कर्करोगावरच्या गोळीच्या डबीतला कागद उलगडून वाचायला घेतला, की मासिक पाळी, गर्भधारणा, गर्भाशयाचं अस्तर हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. पण स्तनाचा कर्करोग झालेल्या दर शंभर जणांत साधारण एक पुरुष असतो, आणि अशा दहा पुरुषांपैकी नऊ जणांची गाठ इस्ट्रोजेनवर पोसलेली असते. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन आटोपलं तरी पुढची निदान पाच वर्षं रोज २० मिलिग्रॅमची ही गोळी बहुतेकांना घ्यावी लागते. पुरुषाला तिचा काय त्रास होतो, हे त्या कागदावर शोधूनही फारसं सापडत नाही.

पुरुषाच्या शरीरातही इस्ट्रोजेन असतंच. अरोमाटेज नावाचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचा थोडा भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, आणि हे काम मोठ्या प्रमाणात चरबीच्या पेशींत चालतं. टॅमॉक्सिफेन हे उत्पादन थांबवत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट अडवावी, तशी ही गोळी पेशीतली इस्ट्रोजेनची जागा अडवते. गाठीच्या पेशींत हे अडवणं हवंच असतं, पण मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं जे केंद्र आहे, तिथलाही इस्ट्रोजेनचा आधार सुटतो. मग तापमानातला किरकोळ बदलही त्या केंद्राला सोसत नाही. मध्यरात्री छातीपासून कपाळापर्यंत वाफ चढते, बनियन पिळून काढावा इतका घाम येतो आणि थोड्या वेळाने थंडी वाजते. साठीतल्या माणसाला हे कोणापाशी बोलायचं तेच कळत नाही, कारण असला त्रास आजवर त्याने बायकोच्या तोंडूनच ऐकलेला असतो.

न बोलण्याची किंमत मोठी आहे. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या ११६ पुरुषांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर नियमित गोळी घेणारे ६५ टक्के होते, पाच वर्षांनंतर जेमतेम १८ टक्के. ज्यांची गोळी सुटली त्यांच्यात आजार परतण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. त्याच वर्षी आलेल्या अमेरिकेतल्या दुसऱ्या अभ्यासात, ६४ पुरुषांपैकी निम्म्याहून अधिक जणांना काही ना काही त्रास झाला होता. वजन वाढणं आणि लैंगिक अडचणी, या दोन्ही तक्रारी साधारण पाचात एकाला होत्या, आणि पाचातल्या एकाने त्रासापायी गोळी सोडली होती. यातल्या बऱ्याच त्रासांवर इलाज आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

वाफा फारच छळत असतील तर व्हेन्लाफॅक्सिनसारखं औषध देता येतं. ते मुळात नैराश्यावरचं औषध आहे, पण वाफाही कमी करतं. इथे एक सावधगिरी हवी. यकृतातलं एक एन्झाइम टॅमॉक्सिफेनपासून एन्डॉक्सिफेन हा जास्त प्रभावी पदार्थ तयार करतं. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरचीच औषधं त्या एन्झाइमला अडवतात. म्हणून झोप येत नाही, मन लागत नाही, असं फॅमिली डॉक्टरांना सांगताना टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं आधी सांगावं.

इच्छा मेली, ताठरता येत नाही, ही तक्रार ओपीडीत क्वचितच उघडपणे मांडली जाते. मग जाहिरातीतली शक्तिवर्धक कॅप्सूल गुपचूप घरात येते. तिच्यात टेस्टोस्टेरॉन असेल, तर त्याचंच पुढे इस्ट्रोजेन होणार आणि ज्यावर गाठ पोसली तेच शरीराला मिळणार. सिल्डेनाफिलमध्ये हार्मोन नसतं. हृदयाची अवस्था आणि चालू औषधं पाहून डॉक्टर ते लिहून देऊ शकतात, पण त्यासाठी विषय निघायला हवा. तो डॉक्टरांनीच काढावा, असं मला मनापासून वाटतं.

एक त्रास मात्र अंगावर काढायचा नसतो. टॅमॉक्सिफेनने शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. जर्मनीत ४४८ पुरुषांवर झालेल्या अभ्यासात गोळी घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे बारा जणांना गुठळी झाली, न घेणाऱ्यांत दोन-तीन जणांना. पहिल्या दीड वर्षात धोका सर्वाधिक होता. या गोळीने रात्री पोटऱ्यांत गोळेही येतात, पण ते थोड्या वेळात उतरतात. एकच पाय सुजला, गरम लागला, दुखत राहिला, तर तेल लावून चोळत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर तासभरही थांबू नये. विदर्भातून तपासणीसाठी मुंबईला रात्रभराच्या गाडीने येणाऱ्यांनी मधूनमधून उठून डब्यात चार पावलं टाकावीत. गुडघ्याचं वगैरे ऑपरेशन ठरलं, तर त्या डॉक्टरांनाही या गोळीबद्दल सांगावं.

पुरुषांबद्दलची माहिती इतकी तुटपुंजी का, याचं कारण साधं आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या औषधचाचण्यांत वर्षानुवर्षं पुरुषांना घेतच नसत. त्यांना वगळू नका, असं अमेरिकेच्या एफडीएने औषध कंपन्यांना मार्गदर्शक सूचनांतून सांगितलं ते २०२० साली.

टॅमॉक्सिफेन अजिबातच सोसत नसेल, किंवा गुठळी होऊन गेली असेल, तर दुसरा मार्ग आहे: अरोमाटेज रोखणारी गोळी आणि सोबत वृषणांचं हार्मोन थांबवणारं इंजेक्शन. जर्मनीत पुरुषांवरच झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या जोडीने रक्तातलं इस्ट्रोजेन तीन महिन्यांत ७२ टक्क्यांनी उतरलं. मात्र ज्या गटांना हे इंजेक्शन दिलं, त्यांची लैंगिक क्षमता घटली आणि जगण्याची प्रतही खालावली. नुसतं टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांत तसं झालं नाही. औषध बदलण्याआधी हा हिशेब रुग्णापुढे मांडला गेला पाहिजे, आणि त्याची तयारी असेल तर त्या वेळी त्याची बायकोही शेजारच्या खुर्चीत असावी.