कार्ड चांगलं, पण ओळख पटेना!

लग्नसराई आली की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, संगमनेर-श्रीरामपूरपासून थेट कर्जत-जामखेडपर्यंत, फोटो स्टुडिओतले दिवे रात्री उशिरापर्यंत चालू असतात. दिवसा शूटिंग आणि रात्री संगणकावर त्याची कापाकापी. या कामाला वेगवान संगणक लागतो, पण पैसा बेताचाच असतो. मग सुटे भाग आणून संगणक असेंबल करून घ्यायचा. यात गैर काहीच नाही. मात्र या मुलांकडून एक तक्रार मी वारंवार ऐकतो. ‘‘सर, कर्ज काढून ग्राफिक्स कार्ड घेतलं, तरी चित्र अडखळतंच. कार्ड खराब निघालं का?’’

बहुतेक वेळा कार्ड खराब नसतं. बिनसलेलं असतं ते ड्रायव्हरचं.

आता हा ड्रायव्हर म्हणजे कोण? तो एक दुभाष्या आहे. विंडोज, लिनक्स किंवा मॅक ही संगणकाची मूळ प्रणाली ‘इथे खिडकी काढ, हे चित्र फिरव’ असे साधे हुकूम सोडते. कार्डाची बोली मात्र वेगळी असते आणि प्रत्येक पिढीत ती बदलते. दुभाष्याला ती बोली येत असेल, तरच काम होतं.

तो कार्डाला ओळखतो कसा? प्रत्येक कार्डात दोन क्रमांक कोरलेले असतात, एक चिप बनवणाऱ्या कंपनीचा आणि दुसरा त्या चिपच्या प्रकाराचा. एएमडीच्या कार्डाचा कंपनी क्रमांक १००२, तर इंटेलचा ८०८६. संगणक सुरू होताना प्रणाली हे क्रमांक वाचते आणि आपल्याकडच्या ड्रायव्हरांच्या यादीत शोधते. क्रमांक सापडला तर उत्तम. नाही सापडला, तर पडद्यावर चित्र दिसतं खरं, पण सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. माउस रेंगाळतो, व्हिडिओ अडखळतो आणि महागडं कार्ड नुसतं बसून राहतं.

विंडोजवर हा घोळ सहसा लवकर निस्तरतो, कारण कार्ड बनवणारी कंपनीच विंडोजसाठी ड्रायव्हर देते. खरी पंचाईत होते ती असेंबल केलेल्या संगणकावर मॅकची प्रणाली बसवणाऱ्यांची. अशा संगणकाला ‘हॅकिंटॉश’ म्हणतात. त्याचा मोह का पडतो, तेही समजण्यासारखं आहे. ‘फायनल कट प्रो’ हे संकलनाचं सॉफ्टवेअर फक्त ॲपलच्या प्रणालींवर चालतं आणि मॅक विकत घेणं प्रत्येकाला परवडत नाही. २००६ मध्ये ॲपलने इंटेलच्या प्रोसेसरवर चालणारे मॅक बाजारात आणले आणि ही वाट मोकळी झाली.

पण ॲपलला जगभरच्या कार्डांची चिंता नसते. स्वतःच्या यंत्रांत ज्या चिप असतात, त्यांचेच ड्रायव्हर प्रणालीत येतात. एएमडीचं ‘आरएक्स ५८०’ हॅकिंटॉशवर निमूट चालायचं, कारण त्याच घराण्यातली चिप ॲपलने २०१७ च्या आयमॅकमध्ये वापरली होती. एनव्हिडियाची गोष्ट निराळी. त्यांच्या नव्या कार्डांचे मॅकसाठीचे ड्रायव्हर ती कंपनी स्वतंत्रपणे देत असे. २०१७ च्या ‘हाय सिएरा’पर्यंत ते मिळाले. २०१८ मध्ये ‘मोहावी’ आली आणि तिच्यासाठी ते आलेच नाहीत. ज्यांनी हौसेने प्रणाली अद्ययावत केली, त्यांची धडधाकट कार्डं एका रात्रीत मुकी झाली. काही जुन्या एनव्हिडिया कार्डांचे ड्रायव्हर ॲपलच्या प्रणालीतच होते. तेही २०२१ च्या ‘मॉन्टेरी’त काढून टाकले गेले.

‘मग क्रमांकच खोटा सांगू,’ असं काही हुशार मंडळी म्हणतात. तसं करता येतं. पण आतली रचना एकच असेल, तेव्हाच ही युक्ती लागू पडते. गळ्यात दुसऱ्याचं ओळखपत्र अडकवलं म्हणून त्याची भाषा बोलता येत नाही! म्हणूनच एएमडीची ‘आरएक्स ७०००’ मालिकेची नवी कार्डं मॅकच्या प्रणालीवर चालत नाहीत. त्यांचा ड्रायव्हरच तिथे नाही.

शिवाय हा मामला करारात बसत नाही. मॅकची प्रणाली फक्त ॲपलच्याच यंत्रावर वापरावी, अशी तिच्या परवान्याची अट आहे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ‘सायस्टार’ कंपनीने अशी यंत्रं विकायला काढली, तेव्हा २००९ मध्ये न्यायालयाने निकाल ॲपलच्या बाजूने दिला. आणि आता तर वाटच संपत आली आहे. २०२० पासून ॲपल स्वतःच्या चिपकडे वळली. २०२५ ची ‘टाहो’ ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची प्रणाली असल्याचं कंपनीनेच जाहीर केलं आहे. धंद्याचा संगणक अशा वाटेवर उभा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग करायचं काय? ‘दा विंची रिझॉल्व्ह’ हे संकलनाचं सॉफ्टवेअर विंडोज आणि लिनक्सवरही चालतं आणि त्याची मोफत आवृत्ती मिळते. लिनक्स घेणार असाल तर एएमडीचा खुला ड्रायव्हर त्याच्या गाभ्यातच असतो. एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा काही भाग २०२२ मध्ये खुला केला, पण तो जुन्या कार्डांना लागू नाही.

जुनं कार्ड घेताना जास्त जपावं. एनव्हिडियाच्या ‘जीटीएक्स ९००’ आणि ‘१०००’ मालिकांचे नियमित ड्रायव्हर विंडोजसाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. आता २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. दुकानदाराला कार्डावरचा ब्रँड विचारून भागत नाही. आत चिप कुणाची आणि कोणत्या मालिकेची, ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. तुमच्या प्रणालीसाठी तिचा ड्रायव्हर अजून निघतो का, ते कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा आणि मगच पैसे मोजा.

आणि एक. ऐन लग्नसराईत, हातात चार लग्नांचं काम असताना, प्रणाली किंवा ड्रायव्हर बदलू नका. आधी सगळ्या शूटिंगची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा. कार्ड पुन्हा विकत मिळतं. कुणाच्या लेकीच्या पाठवणीचं चित्रण मात्र पुन्हा करता येत नाही.