पाणसळीवरचे भाऊ

‘लॉज’ हा शब्द ऐकला की आपल्यापुढे एसटी स्टँडसमोरची ‘जेवण्याची व राहण्याची उत्तम सोय’ ही पाटी उभी राहते. मुंबईच्या फोर्ट भागात मात्र फ्रीमेसन्स हॉल नावाची एक जुनी इमारत आहे. तिथे जी ‘लॉज’ भरते तिच्यात खोली भाड्याने मिळत नाही. तिथे सभासद एकमेकांना ‘भाऊ’ म्हणतात. दार लावून सभा घेणाऱ्या या मंडळींविषयी पूर्वी इतक्या अफवा असत, की उत्तर हिंदुस्थानात त्यांच्या वास्तूला लोक ‘जादूघर’ म्हणत. मी या संघाचा सभासद नाही. रुडयार्ड किपलिंगच्या एका कवितेच्या निमित्ताने मी या विषयाकडे ओढला गेलो.

फ्रीमेसन याचा साधा अर्थ गवंडी. दगडी चर्च बांधणाऱ्या इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या गवंड्यांच्या संघांशी ही मंडळी आपले नाते सांगतात. १७१७ साली लंडनच्या चार लॉज एकत्र आल्या, असे परंपरा मानते. १७२३ मध्ये जेम्स अँडरसन या पाद्र्याने संघाची घटना छापली. तिच्यात म्हटले होते, की सभासदाने आपली खास मते आपल्यापाशी ठेवावीत. ज्या धर्माविषयी सगळ्या माणसांचे एकमत आहे, तेवढाच त्याच्यावर बंधनकारक. युरोपात धर्मावरून झालेल्या लढाया तेव्हा फार जुन्या नव्हत्या. म्हणून लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायचा नाही, असा दंडक पडला.

शिकवण सगळी गवंड्याच्या पिशवीतून काढलेली. गुण्या सांगतो, वागणे काटकोनात ठेव. ओळंबा सांगतो, ताठ उभा राहा. पाणसळ सांगते, इथे सगळे एका पातळीवर. ओबडधोबड दगड म्हणजे नवखा माणूस. छिन्नी-हातोड्याने त्याचा चिरा घडवायचा. बंधुप्रेम, मदत आणि सत्य ही त्यांची तीन तत्त्वे. सुविचाराच्या फळ्यावर शोभावीत अशीच, हे मी कबूल करतो. पण एक विधी मला फार आवडतो. १७३० सालीच स्वतःला माजी सभासद म्हणवणाऱ्या एका गृहस्थाने असे विधी पुस्तकात छापून टाकले होते, त्यामुळे ते सांगण्यात गुपित फोडल्याचे पाप नाही.

नव्या सभासदाला आत नेण्याआधी त्याच्या अंगावरचे पैसे, अंगठी, घड्याळ, धातूची प्रत्येक वस्तू काढून घेतात. मग इमारतीची कोनशिला जिथे बसवतात त्या ईशान्य कोपऱ्यात त्याला उभे करतात आणि म्हणतात, गरिबांसाठी काही दे. तो खिसे चाचपतो. काहीच नसते. चारचौघांत त्याला तसे सांगावे लागते. मग त्याला समजावतात, की हा क्षण लक्षात ठेव. उद्या कुणी रिकाम्या हाताने तुझ्या दारात आला तर तू स्वतः असा उभा होतास हे आठव. दानावरची व्याख्याने मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांतल्या एकानेही श्रोत्याचा खिसा आधी रिकामा केला नव्हता.

आता पाणसळ हिंदुस्थानात कितपत टिकली ते पाहू. इंग्रजांनी लॉज आणली, पण बरीच वर्षे ती गोऱ्यांपुरतीच राहिली. मुंबईच्या माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना इथे प्रवेश नाकारला गेला. त्यांना दीक्षा मिळाली ती पॅरिसमध्ये. पुढे डॉ. जेम्स बर्न्स यांनी १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज खास एतद्देशीयांसाठी काढली. पारशी आणि मुसलमान तिच्यात आले. हिंदूंचा प्रश्न वेगळाच निघाला. सभासदाने एका परमेश्वराला मानले पाहिजे, मग अनेक देव मानणाऱ्याचे काय, असा खल झाला. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ मध्ये अर्ज केला आणि १८७२ मध्ये दार उघडले. मधली नऊ वर्षे गोरे भाऊ पाणसळ हातात धरून विचार करत होते! त्यानंतर बाराच वर्षांनी, १८८४ मध्ये, कलकत्त्याच्याच लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण दाखल झाला. आपण त्याला स्वामी विवेकानंद म्हणून ओळखतो.

किपलिंग मुंबईत जन्मलेला. १८८६ मध्ये लाहोरच्या लॉजमध्ये आला तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता. तिथे हिंदू, मुसलमान, शीख आणि दारावर पहारा करणारा एक ज्यू अशी भावंडे त्याला भेटली. ‘द मदर लॉज’ या कवितेत त्याने ती मंडळी उभी केली आहेत. बाहेर सलाम आणि हुद्दे, आत नुसते भाऊ. साम्राज्याचा हा भाट इथे वेगळ्याच आवाजात बोलतो. पण त्याच कवितेत तो एक गोष्ट सांगून जातो: कुणाची जात बाटू नये म्हणून त्यांच्याकडे मेजवानी होत नसे. पाणसळ ताटापाशी येऊन थांबली.

मला यात हसण्यासारखे काही दिसत नाही. मशिदीत नमाजाच्या रांगेत मालक आणि हमाल खांद्याला खांदा लावून उभे राहतात, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. सोयरिकीच्या वेळी बिरादरी कशी विचारली जाते, तेही पाहिले आहे. वाळवंटात एकमेकांच्या पाया पडणाऱ्या वारकऱ्यांच्या गावीही वेगळे पाणवठे होतेच.

ताटापासूनच सुरुवात करणारी माणसेही मुंबईत होती. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग आणि त्यांचे सहकारी यांची परमहंस सभा १८४९ ची. तीही गुप्त. तिच्यात येणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. विधी एवढाच, पण लॉजच्या साऱ्या थाटापेक्षा अवघड. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली आणि घाबरून सभा मोडली.

लॉज मात्र टिकली. १९६१ मध्ये ‘ग्रँड लॉज ऑफ इंडिया’ स्थापन झाली. तिचे पहिले ग्रँड मास्टर रामपूरचे नवाब रझा अली खान. भारतातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब, अवेस्ता असे ग्रंथ शेजारी शेजारी ठेवण्याची पद्धत आहे, आणि ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर शपथ घ्यायची. बहिणींना मात्र या भावांच्या लॉजमध्ये अजून जागा नाही. ज्यांना एकेकाळी दारातून परत पाठवले होते त्या माणेकजींनी १८६३ मध्ये मुलींसाठी ‘अलेक्झांड्रा’ ही इंग्रजी शाळा काढली. तीही फोर्टातच आहे.