सायकल : सपाटीवरची आणि डोंगरावरची

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. कारकून, मास्तर, कॉलेजची मुले, झाडून सारे सायकलवर. सायकलीला बिल्ला लागे आणि रात्री दिवा नसला की पोलीस अडवी. पुणेकराचे पाय काही निराळे नव्हते. पेठा एकमेकींना लागून, कामाची जागा जवळ, रस्ते बरेचसे सपाट आणि दुसरे वाहन परवडत नाही, म्हणून सायकल. पुढे स्कूटरी आल्या, १९७२ साली लूना आली, शहर पसरले आणि सायकल मागे पडली.

क्यूबाची राजधानी हवाना इथे उलटे घडले. अमेरिकेची व्यापारबंदी होतीच. त्यात १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला. तेल येईना, बशी थांबल्या. सरकारने चीनहून दहा लाखांवर सायकली आणवल्या. बंदराच्या मुखाखाली बोगदा आहे. त्यातून बाके काढलेल्या बशी माणसांना सायकलींसकट पलीकडे नेत. अर्धपोटी पेडल मारायचे, ही त्यातली कडू बाजू. कौतुक करताना ती विसरू नये. तेल मिळू लागले तशा तिथेही सायकली कमी झाल्या.

आता आपल्याकडे पाहा. जव्हार हीदेखील १९४८ पर्यंत संस्थानची राजधानी, पण डोंगरावर, सुमारे दीड हजार फुटांवर. मोखाड्याची वाट तशीच चढउताराची. इथे सायकल जड जाते, ती का?

साध्या सायकलीला पुढे ४४ दाते आणि मागे १८ असतील, तर पेडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. सपाटीला हे उत्तम, चढाला नाही. मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवा, चाक दोनदाच फिरेल. वेग कमी, पण पाय हलका. पुण्याच्या सायकलीला याची गरज नव्हती, जव्हारच्या सायकलीला आहे.

हे सांगण्याचे कारण आपल्या मुली. मागास तालुक्यांसाठीच्या मानव विकास कार्यक्रमात शाळेपासून पाच किलोमीटरच्या आतल्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल देण्याची तरतूद केली गेली. पाड्यावरून हायस्कूल गाठायला तासभर चालणाऱ्या मुलीला याचे मोल विचारा! पण उतारावर दोन्ही ब्रेक शाबूत हवेत. रबर झिजले की लगेच बदलावे. गुरुजी, शाळेत एक पंप, पाना आणि पंक्चरचे सामान ठेवा. पंक्चर काढायला तालुक्याच्या गावी जायचे म्हटले, की सायकल ओट्यावर पडते आणि मुलगी पुन्हा पायी निघते, नाहीतर घरीच राहते.