थेंबाचा हिशेब

नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावर मायको सर्कल आहे. मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बदलून बॉश लिमिटेड झालं, चौकाचं मात्र बदललं नाही. ट्रकवाल्यांच्या तोंडचंही नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर आडगावच्या ट्रक टर्मिनलच्या आसपास कुणालाही विचारा, जुन्या गाडीचा डिझेल पंप आजही ‘मायकोचा’च असतो.

कागदोपत्री इतिहास थोडक्यात असा: श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२७ साली डिझेल इंजेक्शन पंपाचं उत्पादन सुरू झालं, १९५१ मध्ये बंगळूरला मायको उभी राहिली, पुढे नाशिकमध्ये नोझल आणि इंजेक्टर बनू लागले. जुन्या टाटा आणि लेलँड गाड्यांचा ‘अ‍ॅव्हरेज’ बराचसा पंप आणि नोझल या दोन वस्तूंवर ठरतो. एक मोजून देते, दुसरी फवारते.

त्यातली मोजणारी वस्तू पाहावी ती पंप बांधणाऱ्या मिस्त्रीच्या हातात. त्याची खोली गॅरेजपासून वेगळी, दार बंद, कारण धूळ हा इथला पहिला शत्रू. पंप उघडला की सहा ‘एलिमेंट’ बाहेर येतात. एलिमेंट म्हणजे बोटाएवढा पोलादी प्लंजर आणि त्याचा बॅरल. दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तरच्या घरात असतो. ही जोडी एकत्रच घासून जुळवलेली असते, म्हणून एका बॅरलचा प्लंजर दुसऱ्यात घालत नाहीत. मिस्त्री बॅरल तिरका धरतो, डिझेलमध्ये बुडवलेला प्लंजर थोडा वर ओढतो आणि सोडून देतो. तो स्वतःच्या वजनानं सावकाश उतरला तर ठीक. धपकन पडला तर जोडी झिजली.

या प्लंजरची करामत त्याच्या अंगावरच्या तिरप्या खाचेत आहे. खाली-वर होण्याचं अंतर कधीच बदलत नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गव्हर्नरमार्फत ‘रॅक’ नावाची दातेरी पट्टी सरकते, प्लंजर स्वतःभोवती किंचित फिरतो आणि खाच बॅरलच्या छिद्रासमोर उशिरा येते. तेवढा वेळ डिझेल जास्त दाबलं जातं. ना सेन्सर, ना संगणक. सबंध गाडीची भूक एका तिरप्या रेघेत कोरलेली आहे, आणि ती कल्पना सुचलेल्या माणसाला मनोमन दाद द्यावीशी वाटते.

आता आकडे. भरलेली गाडी ताशी ६० किलोमीटरनं चालली आहे, लिटरला ४ किलोमीटर देते आहे, म्हणजे तासाला १५ लिटर. इंजिनाचे मिनिटाला १५०० फेरे धरले, तर सहा सिलिंडरमध्ये मिळून मिनिटाला ४५०० फवारे. भागाकार केला की एका फवाऱ्याच्या वाट्याला साधारण ५५ घनमिलिमीटर येतात, पाण्याच्या एका थेंबाइतके. हा थेंब मोजण्यासाठी मिस्त्री पंप टेस्ट बेंचवर चढवतो, हजार फवारे सहा काचेच्या नळ्यांत जमा करतो आणि सहाही पातळ्या चार्टशी ताडून पाहतो. एक नळी वर, दुसरी खाली दिसली की पुन्हा पाना हातात. नोझलची परीक्षा वेगळी: हातपंपावर दाब दोनशे बारच्या वर गेला की धुक्यासारखा फवारा सुटला पाहिजे. टोकाशी थेंब लोंबला तर ते डिझेल इंजिनात नीट जळणार नाही, काळा धूर होऊन बाहेर पडेल.

अशी नीट जुळणी, साफ एअर फिल्टर आणि टायरमध्ये पुरेशी हवा मिळून अ‍ॅव्हरेज चारावरून ४.४ झाला, तर महिन्याला ६००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे सुमारे १३६ लिटर वाचतात. नव्वद रुपयांच्या भावानं बारा हजार रुपये. गणित इतकं सरळ असताना लोक करत का नाहीत?

कारण गाडीमालकाला आधी भाडं दिसतं. जुनी गाडी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हातातली, हप्ता अंगावर, आणि माल क्षमतेपेक्षा जास्त. चार्टप्रमाणे बांधलेला पंप सपाटीवर छान चालतो, पण मुंबईहून येताना कसारा घाटात ओव्हरलोड गाडी दम टाकते. मग पंपाचं सील तोडून कमाल डिझेलचा स्क्रू वाढवला जातो. ताकद थोडी वाढते, धूर जास्त वाढतो, एक्झॉस्ट तापतं आणि वाचवलेलं डिझेल सायलेन्सरवाटे जातं.

बचत झाली की नाही हेही धड कळत नाही. टाकी फुल ते टाकी फुल असा हिशेब ठेवणारे मालक थोडे. अनेक ठिकाणी ड्रायव्हरला ट्रिपमागे ठरलेलं डिझेल मिळतं. उरलं तर त्याचं, कमी पडलं तर भांडण. त्यात भेसळ. प्लंजरला वंगण म्हणजे खुद्द डिझेलच. त्यात रॉकेल किंवा पाणी आलं की ती दोन-तीन मायक्रॉनची फट रुंदावत जाते आणि नव्या एलिमेंटचे पैसे पाण्यात. डबीवर मायकोचं नाव असलेले नकली सुटे भाग हा आणखी एक ताप.

सरकारनं २०१७ मध्ये बारा टनांवरच्या डिझेल वाहनांसाठी इंधनखपतीचे निकष जाहीर केले. ते नव्या गाड्यांसाठी. त्याच वर्षी एप्रिलपासून देशभर बीएस-४ हे प्रदूषण-मानक लागू झालं आणि बऱ्याच नव्या अवजड गाड्यांत कॉमन रेल आली. तिथे दाब हजार बारच्या पार जातो आणि मोजमाप संगणक करतो. गॅरेजमधली पोरं स्कॅनर शिकताहेत. बॅरल तिरका धरून प्लंजर सावकाश उतरतो का हे पाहायला कुणी बसत नाही, आणि त्यांचं चुकतंय असंही म्हणवत नाही. जुन्या गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत.

आठवड्यानं मालक परततो. “मिस्त्री, गाडी घाट चढत नाही.”

“माल किती भरला होता, शेठ?”

उत्तर येत नाही. “अर्धा फेरा वाढवून द्या,” एवढंच येतं. काही मिस्त्री नकार देतात. त्यांनी दिला तरी पुढच्या गाळ्यात स्क्रू वाढवून मिळतो, आणि पुढच्या वेळी पंप बांधायलाही गाडी तिकडेच जाते.