फौजी आणि देशाची सुरक्षा: आपल्या मुलखातले सहा गैरसमज

महाड तालुक्यात आंबवडे नावाचं गाव आहे. घराघरातून माणूस फौजेत जातो, म्हणून सगळे त्याला ‘फौजी आंबवडे’ म्हणतात. मीही याच मुलखातला, पेन्शनीत निघालेला हवालदार. लग्नाच्या मांडवात असो की गणपतीत, मला बघितलं की कुणी तरी विचारतंच, ‘‘काय फौजी, युद्ध होणार का?’’ विचारण्यात आपुलकी असते. पण त्या प्रश्नामागे काही चुकीचे समज घट्ट बसलेले असतात. ते मोकळे करावेत म्हणून हे लिहितो आहे.

गैरसमज 1: सुरक्षा म्हणजे सीमा. आपण डोंगरातली माणसं, आपला काय संबंध?

वस्तुस्थिती: 12 मार्च 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांत 257 माणसं गेली. त्यासाठीचं आरडीएक्स आपल्याच रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं होतं. तिथून ते रस्त्यानं मुंबईला गेलं. या खटल्यात दोषी ठरलेल्यांत कस्टमचे अधिकारी आणि पोलीसही होते. ज्यांनी गाडी अडवायची त्यांनीच ती सोडली, म्हणजे तेव्हा देशाची सीमा रायगडच्या रस्त्यावर मोडली. नाक्यावरचा शिपाई आपलं काम चोख करतो, तेव्हा तोही सीमाच राखत असतो.

गैरसमज 2: लढणं हे ठराविक जातींच्या रक्तात असतं.

वस्तुस्थिती: ‘लढाऊ जाती’ ही वर्गवारी इंग्रजांची. 1857 नंतर आपल्या सोयीची भरती करता यावी म्हणून त्यांनी ती पक्की केली. पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत असलेल्या महारांची भरती त्यांनी 1890 च्या दशकात बंद केली. त्याविरुद्ध 1894 मध्ये अर्ज लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे, आणि स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 111 वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर ती मोडली. 1941 मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी करावी लागली. 20 मार्च 1927 ला महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकर चवदार तळ्यावर पाणी प्यायले, त्या परिषदेच्या पाठीशी महाड-दासगाव भागातले महार पेन्शनरही होते. देशासाठी गोळी झेलायची आणि गावच्या तळ्यावर मात्र ओंजळ लावायची नाही, हे त्यांनी मान्य केलं नाही. आपल्याच माणसाला दाराबाहेर ठेवणारं गाव किंवा देश सुरक्षित नसतो, हा माझ्या मते सुरक्षेचा पहिला धडा आहे.

गैरसमज 3: फौजीला युद्ध हवंच असतं.

वस्तुस्थिती: फौजेतली बहुतेक नोकरी पहाऱ्यात जाते. पहाट फुटायच्या आधी आणि दिवस मावळताना सगळी तुकडी हत्यारं घेऊन खंदकात उभी राहते. याला ‘स्टँड-टू’ म्हणतात. धूसर उजेड हल्ल्याला सोयीचा, म्हणून हा नेम. थंडीनं बोटं बधिर होतात, नजर मात्र समोरच्या झुडपावर ठेवायची. सावली हलली की दरडावायचं, ‘‘थम! कौन आता है?’’ आणि पहारा बदलताना सांगायचे दोनच शब्द, ‘‘सब ठीक.’’ असा रिपोर्ट दिला की मनाला जे समाधान मिळतं, ते मला दुसऱ्या कशातच मिळालं नाही. काही घडलं नाही, हीच आमची कमाई. शेजारच्या खाटेवरची बिछायत कायमची गुंडाळली जाताना ज्यानं पाहिलंय, तो युद्धाची हौस करत नाही. लढायची वेळ आली तर मागेही हटत नाही.

गैरसमज 4: सगळे निर्णय फौजेवर सोडले की देश सुरक्षित.

वस्तुस्थिती: आपल्याकडे सल्ला फौज देते आणि निर्णय निवडून आलेलं सरकार घेतं. हेच योग्य आहे. पण सल्ला ऐकायला हवा. कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात पूर्व विभागाचे प्रमुख होते. चीनकडून काय होऊ शकतं, हे त्यांनी 1959 मध्ये लेखी मांडलं आणि मार्च 1960 मध्ये लखनौला ‘लाल किला’ या सरावात मांडून दाखवलं. दिल्लीनं ते मनावर घेतलं नाही. 20 ऑक्टोबर 1962 ला हल्ला झाला. थोरातांनी शिस्त मोडली नाही, पण खरं ते वेळेवर सांगितलं. सैनिकाचं कर्तव्य इतकंच आणि एवढं मोठं असतं.

गैरसमज 5: पुरात, दरडीत येते ती ‘मिलिटरी’.

वस्तुस्थिती: नारिंगी गणवेशातले एनडीआरएफचे जवान गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं हे दल उभं राहिलं. आपल्याकडे येणारी तुकडी पुण्याजवळच्या सुदुंबरेची. गरज पडली की लष्कर आणि नौदलही येतं. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला, तेव्हा नौदलाचे पाणबुडे शोधाला होते. जुलै 2021 मध्ये तळिये गावावर, तसंच पोलादपूरच्या केवनाळे आणि सुतारवाडीवर दरड आली, तेव्हाही मदतीच्या तुकड्या आल्या. पण कुठलीही तुकडी पोचायला वेळ लागतोच. पूल गेला त्या रात्री जवळच्या गॅरेजवरच्या एका माणसानं धावत जाऊन पुढच्या गाड्या थांबवल्या. ना गणवेश, ना हुकूम. त्या रात्रीचा खरा संतरी तोच.

गैरसमज 6: पोरगा फौजेत गेला की पेन्शन पक्की.

वस्तुस्थिती: आधीच्या भरतीतल्या जवानाला 15 वर्षांच्या नोकरीवर पेन्शन मिळते. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत नोकरी 4 वर्षांची आहे. त्यातल्या जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीरांना पुढे कायम केलं जातं. बाकीच्यांना सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी मिळतो, पण पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोरांना मी थांबवत नाही. जरूर जा, पण शिक्षण सोडू नका. आणि आईबापांनो, हा हिशोब भरतीच्या आधी समजून घ्या.

फौजी आंबवड्यात पहिल्या महायुद्धाची शिळा आहे. या गावातून 111 माणसं गेली, त्यातल्या 6 जणांनी प्राण दिले, अशी तिच्यावर नोंद आहे. आपण हात जोडतो ते त्या 6 जणांसाठी, आणि ते जोडायलाच हवेत. पण शिळेवर आधी आकडा आहे तो 111 चा. पहाऱ्याला उभा राहिलेला प्रत्येक जण त्यात मोजलेला आहे.