दोघांची शिडाची बोट ऑक्टोबरमध्येच दक्षिणेला का निघते? समजून घ्या वाऱ्याचे गणित

करकंबच्या शिवारात परतीचा पाऊस थांबून ज्वारीची पेरणी सुरू होते, त्याच सुमारास मुंबईहून शिडाच्या बोटी गोव्याकडे निघू लागतात. कारण एकच, मान्सून माघारी फिरलेला असतो.

वारा कशी मदत करतो?
पावसाळ्यात नैऋत्येचा वारा बोटीला किनाऱ्याकडे ढकलतो. ऑक्टोबरनंतर दुपारी जमीन तापली, की वायव्येकडून खारा वारा येतो. दक्षिणेला निघालेल्या बोटीला तो मागून मिळतो. रात्री जमिनीकडून मतलई वारा वाहतो.

किती वेळ लागतो?
मुंबई ते गोवा सुमारे २२० सागरी मैल, म्हणजे ४०० किलोमीटर. ताशी ५ सागरी मैल वेग धरला, तर सलग ४४ तास. वारा पडला, तर त्याहून जास्त.

दोघे पुरतात का?
पुरतात, पण नवरा-बायकोच असतील, तर एक झोपला की सुकाणू दुसऱ्याच्या हाती. अंधारात मच्छीमारांची जाळी दिसत नाहीत. म्हणून जयगड, विजयदुर्ग, मालवण असे मुक्काम करत जाणे सोयीचे. नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी तर २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून 'तारिणी'तून निघून पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या २९ मे २०२५ रोजी परतल्या.

धोका कोणता?
चक्रीवादळाचा. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान', ऑक्टोबर २०१९ मध्ये 'क्यार' याच दिवसांत आले. शेतकरी वाफसा पाहूनच पेरतो. तसेच हवामान विभागाचा इशारा असेल, तर बोट बंदरातच ठेवायची.