इतवारीतला सर्व्हर बदलतो तेव्हा

गांधीबाग, किराणा ओळ, मस्कासाथ. नागपूरच्या इतवारीतला ठोक व्यापार अरुंद गल्ल्यांतून चालतो आणि त्याचा हिशेब बऱ्याच ठिकाणी माळ्यावरच्या एका पेटीत असतो. दुकानातले लोक तिला ‘सर्व्हर’ म्हणतात. अनेकदा तो साधा डेस्कटॉपच असतो. पण तो बंद पडला की खालच्या तीन-चार टेबलांवरच्या एंट्र्या एकदम थांबतात. लक्ष्मीपूजनाला लाल वह्या आजही मांडल्या जातात, पण हळदकुंकू संगणकालाही लागतं, कारण कीर्द-खतावणी आता त्याच्याच पोटात आहे.

त्या पोटात बहुधा टॅली असतं. बंगळुरूच्या श्यामसुंदर गोएंका यांना स्वतःच्या व्यवसायाचे हिशेब ठेवायला मनाजोगतं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलगा भारत यांनी ते लिहिलं आणि १९८६ साली कंपनी उभी राहिली. खात्यांचे सांकेतिक क्रमांक पाठ करायला नकोत, सरळ नाव टाइप करावं, ही त्यातली मुनिमाला पटणारी गोष्ट. भारत गोएंकांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ ला व्हॅट आणि देशभर १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा हातानं वही लिहिणाऱ्यांचाही नाइलाज झाला.

नागपुरात या पेटीचे हाल ऋतूप्रमाणे बदलतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा पत्र्याखालचा माळा तापतो. हार्ड डिस्कला आणि बॅटरीला हे मानवत नाही. गार करायला कूलर लावावा, तर दमट हवा आणि धूळ थेट पंख्यात. आणि तरी माळ्याची निवड अगदीच चुकीची म्हणता येत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वाहिली आणि सीताबर्डीपर्यंत तळमजल्यांत पाणी शिरलं. त्या दिवशी उंचावर ठेवलेलं यंत्रच कोरडं राहिलं.

यंत्र बदलायची वेळ बहुधा दुसऱ्याच कारणानं येते. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला काढून घेतला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. नवी पेटी येते, एसएसडी असते, दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिण्याची सोय असते आणि मालकाला वाटतं, आता काय, डेटा कॉपी केला की झालं.

कॉपी करणं हे खरोखर सर्वांत सोपं काम आहे. टॅलीत प्रत्येक कंपनीचा, नुसता आकडा हेच नाव असलेला एक फोल्डर असतो. सगळ्यांना बाहेर पडायला लावून तो उचलायचा. कुणी कंपनी उघडी ठेवून जेवायला गेला असेल, तर मात्र कॉपी अर्धवट निघू शकते आणि ते लगेच कळेलच असं नाही. घोळ होतो तो फोल्डरच्या बाहेर राहिलेल्या गोष्टींत. टॅलीचा परवाना जुन्या यंत्राला जोडलेला असतो. तो तिथून ‘सरेंडर’ करून मग नव्यावर सुरू करायचा. बाकीची टेबलं हा परवाना सर्व्हरच्या आयपी पत्त्यावरून शोधतात. पत्ता बदलला की परवाना सापडत नाही आणि सगळ्यांच्या पडद्यावर ‘एज्युकेशनल मोड’. बिलाचा छापील नमुना एखाद्या स्थानिक जाणकारानं लिहिलेल्या छोट्या टीडीएल फाइलवर चालतो, आणि ती फाइल भलत्याच ड्राइव्हवर सापडते. डेटा कुलूपबंद करणाऱ्या टॅली व्हॉल्टचा पासवर्ड तर खुद्द टॅलीवाल्यांनाही परत काढून देता येत नाही.

आणि प्रिंटर. टीव्हीएसचा एमएसपी २५० हा कर्कश डॉट मॅट्रिक्स कार्बन प्रती काढतो, म्हणून ठोक बाजारात अजून टिकून आहे. त्याच्या जुन्या नगांना लागणारं रुंद पॅरलल पोर्ट नव्या संगणकांना बहुधा नसतंच. हजारो रुपयांचा सर्व्हर बसवून झाल्यावर एका जोडणीपायी बिल निघत नाही आणि माल भरलेला टेम्पो गल्लीत उभा राहतो, यासारखी नामुष्की नाही.

म्हणून जाणकार घाई करत नाही. जीएसटी विवरणपत्रांची ११ आणि २० तारीख टाळायची, मार्चअखेर तर टाळायचीच. तान्ह्या पोळ्याचा दिवस मात्र सोयीचा: रोगराई घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीनं इतवारी तुडुंब भरते, धंदा तसाही ठप्प असतो. रोगराईसोबत डिस्कचे बॅड सेक्टरही मारबतीनं न्यावेत, अशी मागणी तंत्रज्ञांनी करायला हरकत नाही. हलवण्याआधी जुन्या यंत्रावर ट्रायल बॅलन्स, शिल्लक माल, येणं-देणं आणि व्हाउचरांची संख्या दाखवणारा ‘स्टॅटिस्टिक्स’ अहवाल छापून घ्यायचा. नव्यावर तेच कागद काढून ओळीनं ताडायचे. हे काम मुनिमाचं. संगणकवाल्यावर सोपवू नये, कारण आकडा चुकला आहे हे फक्त मुनिमालाच दिसतं.

तपासणीत कसर ठेवली की मोठ्यांचंही भागत नाही. ब्रिटनच्या टीएसबी बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये ग्राहकांचा हिशेब नव्या प्रणालीवर नेला आणि सुमारे १९ लाख ग्राहकांना खातीच उघडता येईनात. नियामकांनी २०२२ मध्ये ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड ठोठावला.

जुनी वर्षंही सोबत न्यावी लागतात. जीएसटी कायद्यानुसार दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचं, कंपनी कायद्यात आठ आर्थिक वर्षं. त्यात एक खोच आहे. टॅलीच्या नव्या आवृत्तीसाठी रूपांतरित केलेला डेटा जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही. त्यामुळे मूळ प्रत वेगळी, हात न लावलेली ठेवावी आणि जुनं यंत्र निदान त्या वर्षाचं विवरणपत्र भरेपर्यंत भंगारात देऊ नये.

जुनी पेटी अचानक मेली, तर परवाना सरेंडर करता येत नाही. तो नोंदलेल्या ई-मेलवरूनच मोकळा करावा लागतो. पुष्कळ दुकानांत तो ई-मेल कधीच सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असतो. उद्या शटर उघडल्यावर तो कोणाच्या नावावर आहे, एवढं पाहून घ्या.